मांगिस गल्लीतली पात्रं

मला हात काढता येत नाहीत. पुढचं सगळं त्यातून झालं, म्हणून आधी सांगून टाकते.

माणूस काढायचा तर त्याला हात लागतात, हातांना बोटं लागतात, आणि मी काढलेली बोटं केळ्याच्या फणीसारखी दिसतात. चार रविवार झटापट केल्यावर मी माणसांचा नाद सोडला आणि भांडी काढू लागले. भांड्यांचा मला सराव होता. सोलो शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत मी बावीस वर्षं पाणी तपासते. दिवसभर डोळ्यांसमोर चंबू, चंचुपात्रं आणि परीक्षानळ्या असतात. त्यांतल्या एकालाही बोटं नाहीत.

अशी माझी चित्रकथा सुरू झाली. ‘मांगिस गल्लीचं स्वयंपाकघर’ हे तिचं नाव. दर रविवारी सकाळी सात वाजता तिचा एक भाग मोबाइलवर येतो. पात्रं म्हणून सगळी खरोखरची पात्रंच: किटली, पळी, बादली, भाताचा कुकर. आम्ही राहतो ती गल्लीही मांगिस गल्लीच, पण सोलोत या नावाच्या निदान चार गल्ल्या आहेत, त्यामुळे गोपनीयतेला बाध येत नाही असा माझा अंदाज होता. शिवाय टोपणनाव घेतलं होतं. अकरा हजार वाचक होते आणि घरातला नवरा सोडला तर कोणालाही मी कोण हे ठाऊक नव्हतं. इतकं सुख मला पूर्वी कधी लाभलं नव्हतं.

मोबाइलवर चित्रकथा काढणाऱ्यांमध्ये एक रीत आहे. चित्रकाराने स्वतःला कथेत घालायचं. कोणी स्वतःचा ससा करतो, कोणी मांजर. सुराबायाची एक बाई स्वतःला उकडलेला बटाटा म्हणून काढते, आणि तिला माझ्या दसपट वाचक आहेत. वाचक मग चित्रकाराशी न बोलता बटाट्याशी बोलतात, बटाट्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा देतात, आणि चित्रकाराची लाज राखली जाते. बहुतेक जण स्वतःला आहेत त्यापेक्षा बारीक काढतात आणि केस थोडे वाढवून घेतात. मी स्वतःचा चंबू केला. प्रयोगशाळेतला, तळाशी रुंद, मानेशी अरुंद, वर चष्मा. चंबू माझ्यापेक्षा जाड आहे, याची कृपया नोंद घ्यावी.

एका बाबतीत मात्र मी सरळसरळ खोटं काढलं. चंबू ‘म्बोतन’ म्हणतो.

इथे थांबून ‘इंगिह’बद्दल सांगायला हवं. आमच्याकडे कोणी काही विचारलं की तोंडातून इंगिह निघतं. शब्दाचा अर्थ ‘होय जी’. पण तो अर्थ कोणी घेत नाही. एकदा मी वहीत शंभर इंगिह टिपले आणि प्रत्येकाचं पुढे काय झालं ते पाहिलं. एक्क्याऐंशी वेळा इंगिहचा अर्थ ‘तुमचं बोलणं ऐकू आलं’ असा निघाला. सोळा वेळा ‘कळलं, पण होणार नाही’ असा. उरलेल्या तीन वेळा ‘हो’ असा. नमुना लहान आहे, हे मान्य. उलट ‘म्बोतन’, म्हणजे ‘नाही जी’, हा शब्द सभ्य माणूस वर्षाकाठी एक-दोनदा वापरतो, तोही ‘अजून थोडा भात वाढू का’ या प्रश्नाला, आणि तिथेही त्याचं कोणी ऐकत नाही.

मी जन्मात कोणाला म्बोतन म्हटलेलं नव्हतं. शेजारच्या बू वार्तिनी (आमच्याकडे बाईंना आदराने ‘बू’ म्हणतात) भिंतीवरून डोकावून म्हणायच्या, “बू वेनिंग, तुमची इस्त्री नेऊ?” मी म्हणायचे, “इंगिह.” मग रविवारी चित्रात पळी चंबूला विचारायची, “इस्त्री नेऊ?” आणि चंबू म्हणायचा, “म्बोतन. गेल्या खेपेला तुम्ही तिच्यावर पापड भाजले होते.” आठवडाभर इंगिह आणि रविवारी एक म्बोतन. रसायनशास्त्रात याला उदासीनीकरण म्हणतात. माझी प्रकृती त्यामुळे उत्तम होती.

पुढे जाकार्ताच्या एका प्रकाशन संस्थेतून फोन आला. विरा नावाची मुलगी बोलत होती, भराभर, सोलोच्या माणसाला दोन दिवस पुरेल इतकं दोन मिनिटांत. “बू, आम्हाला चंबूचं पुस्तक काढायचंय. करार पाठवते. महिनाअखेरपर्यंत सही करून ओळखपत्राची प्रत जोडा, नाहीतर या वर्षीच्या यादीतून नाव जाईल. चालेल ना?”

मी इंगिह म्हणाले. हे त्या तीनांतलं होतं.

मग मी ओळखपत्र काढून पाहिलं. त्यावर माझं नाव ‘वेनांग हाप्सारी’ असं आहे. मी वेनिंग. वेनिंग म्हणजे नितळ, पाण्यासारखं. वडिलांनी ठेवलं आणि मी नोकरीत सार्थ केलं. वेनांग म्हणजे अधिकार असलेला. दहा वर्षांपूर्वी कार्ड हातात देताना खिडकीतल्या कारकुनाने विचारलं होतं, “नाव बरोबर आहे ना?” मी चूक पाहिली होती. आणि मी म्हणाले होते, इंगिह.

करारावर वेनिंग, बँकेत वेनिंग, ओळखपत्रावर वेनांग. विराने कळवलं की नावं जुळली नाहीत तर करारासाठी मी अपात्र. भांड्यांच्या चित्रकर्तीला अपात्र म्हणावं, हे मला फार लागलं.

कार्ड दुरुस्त करायचं तर पहिलं पत्र पाक एर्तेंचं लागतं. एर्ते म्हणजे गल्लीचे प्रमुख, आणि बाईंना बू तसं पुरुषांना पाक. आमच्याकडे सध्या पाक मार्गोनो आहेत. पोस्टातून निवृत्त. त्यांना शिक्का मारण्याचा आवाज आवडतो, पण ते कधीही घाईने शिक्का मारत नाहीत. बोलण्याआधी ते नाकातून “हंऽऽ” असा सूर काढतात, पाणी उकळायला लागण्याआधी निघतो तसा. माझ्या चित्रात ते कोणतं भांडं आहेत हे सांगायची गरज नसावी.

“हंऽऽ. नावात दुरुस्ती,” त्यांनी फॉर्म समोर ओढला. “कारण?”

“नाव चुकलंय, पाक.”

“दहा वर्षं चुकलेलं होतं. आज का? इथे रकाना आहे बघा, हेतू. मी पोस्टात एकतीस वर्षं काढली, रिकामा रकाना कधी पुढे पाठवला नाही.”

“एका करारासाठी.”

“कसला करार?”

“पुस्तकाचा.”

“पाण्यावरचं?”

इथे इंगिह म्हणाले असते तर ही कथा संपली असती. पण लेखी रकान्यात खोटी माहिती देणं माझ्या हाताला जमत नाही. तपासणीच्या अहवालांची सवय. मी खरं सांगितलं. पाक मार्गोनोंनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि म्हणाले, “वाचल्याशिवाय मी हेतू प्रमाणित कसा करणार?”

नेमके त्याच वेळी पाक गियार्तो तिथे बसून गोड चहा पीत होते. पाक गियार्तो शाळेत कवायत शिकवायचे. त्यांच्या कानात सकाळी नऊला टाकलेली गोष्ट साडेनऊला गल्लीच्या टोकाच्या भाजीवाल्याकडे पोचलेली असते. चित्रात ते गळकी बादली आहेत. मी घरी पोचेपर्यंत बू वार्तिनी भिंतीपाशी उभ्या होत्या.

“बू वेनिंग, तुम्ही म्हणे आम्हाला चित्रात काढलंय.”

“भांडी काढलीत, बू.”

“तेच ते. आमच्या घरातल्या भांड्याला भांडं लागलं तर आवाज तुमच्याकडेच येतो, भिंत एकच.” त्या मोबाइल घेऊन माझ्याच ओसरीवर बसल्या आणि पहिल्या भागापासून वाचू लागल्या. मी आत जाऊन चंबूगबाळं आवरून बहिणीकडे योग्याकार्ताला निघून जावं का याचा विचार केला. बाहेरून मधूनमधून हसू येत होतं. इस्त्रीच्या भागाला तर त्या इतक्या हसल्या की खोकला लागला.

“झकास,” त्या तासाभराने म्हणाल्या. “मला हुबेहूब काढलंत.”

मला हायसं वाटलं. “तुम्हाला राग नाही आला?”

“राग कसला? तो चंबू म्हणजे मीच ना. तोंडावर सुनावणारा. आमचे हे सारखे म्हणतात, तुझ्या जिभेला हाड नाही. चष्मा तेवढा काढून टाका. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मी लावत नाही.”

मी तोंड उघडलं. तोंडाचा चंबू झाला आणि त्यातून इंगिह बाहेर पडलं.

पुढच्या तीन दिवसांत गल्लीतल्या अकराही घरांनी ‘मांगिस गल्लीचं स्वयंपाकघर’ वाचून काढलं. मला भीती होती की लोक चिडतील. कोणीही चिडलं नाही. प्रत्येकाला चंबूत स्वतःचाच चेहरा दिसला. पाक गियार्तोंनी मला रस्त्यात थांबवून सांगितलं की खरं बोलून टाकायची त्यांची खोड मी बरोबर पकडली आहे, फक्त चंबूने सकाळी व्यायाम करताना दिसायला हवं. कोपऱ्यावरच्या शिंप्याने चंबूला बाटिकचा शर्ट घालण्याचा सल्ला दिला आणि कापडही दाखवलं.

“मग त्यात मी कोणती असेन असं वाटतं तुम्हाला?” मी शेवटी बू वार्तिनींना विचारलं.

त्यांना विचार करावा लागला नाही. “ते कोपऱ्यात झाकण नाही का, मोदकपात्राचं? काही बोलत नाही, नुसतं घामेजलेलं असतं. तेच तुम्ही.”

आता माझी तक्रार नीट समजून घ्या. मी स्वतःला चित्रात घातलं होतं. ते चित्र माझं, चष्मा माझा, बावीस वर्षं रोज हाताळलेला चंबूही माझाच. आणि माझ्याच चित्रातून मला शेजाऱ्यांनी बाहेर काढून झाकण करून ठेवलं होतं. झाकण तर मी फक्त जागा भरायला काढलं होतं.

त्यात विराचा दुसरा फोन आला. “बू, एक छोटीशी अट आहे. पात्रं खऱ्या माणसांवरून असतील तर त्यांची लेखी संमती लागते. एक पानी फॉर्म आहे. कोण कोणतं पात्र ते लिहायचं आणि सही. चालेल ना?”

हे पाक मार्गोनोंच्या कानावर गेलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. फॉर्मवर त्यांचं मनापासून प्रेम आहे. “संमतिपत्रं मी गोळा करतो,” ते म्हणाले. “सगळी नीट आली की मगच तुमचं पत्र. एकाही रहिवाशाची तक्रार बाकी असताना मी शिक्का मारणार नाही.” म्हणजे आता पुस्तक त्या फॉर्मांवर, फॉर्म गल्लीवर आणि महिन्याचे अकरा दिवस उरलेले.

दोन दिवसांत संमतिपत्रं आली. गल्लीतून कोणतंही काम दोन दिवसांत झालेलं मी प्रथमच पाहत होते. मी ती तशीच, न वाचता स्कॅन करून, विराला पाठवली. अर्ध्या तासात तिचा फोन.

“बू, माझ्याकडे अकरा घरांची अकरा पत्रं आहेत. अकराही चंबूची आहेत.”

“अकरा?”

“अकरा. किटलीचं एकही नाही. पळीचं नाही. बादली, कुकर, कोणी नाही. एका चंबूचे अकरा जण आणि बाकी स्वयंपाकघर बेवारस. वकील म्हणतात असं छापता येणार नाही. एका पात्राला एक माणूस हवा.”

मी अकरा पत्रं टेबलावर मांडली. दुसरं पाक मार्गोनोंचं होतं, त्यांच्या सुरेख पोस्टाच्या अक्षरात: ‘चंबू (अनुभव व स्पष्टवक्तेपणा)’. अकरावं माझ्या घराचं होतं. सही माझ्या नवऱ्याची, मास हेरूंची.

मास हेरू जेवत होते. मी पत्र ताटाशेजारी ठेवलं.

“हे काय आहे?”

“पाक एर्तेंनी मागितलं, दिलं.”

“तुम्ही चंबू?”

“मग कोण? गेली दोन वर्षं तू काढतेस, मी वाचतोय, मला वाटलं माझ्यावरून घेतलंस.” त्यांनी सोयाबीनच्या टेम्पेचा तुकडा सांबालाच्या चटणीत बुडवला. “म्हणजे बघ, तो फटकन नाही म्हणतो. तू कधी कोणाला नाही म्हटलंयस? लग्नाला पण इंगिहच म्हणाली होतीस.”

ते इंगिह कोणत्या रकान्यातलं, हे मी त्या वेळी सांगणं टाळलं.

मास हेरू चित्रात भाताचा कुकर आहेत. भात कधीच शिजला आहे, आणि ते बटण ‘ऊब’वर ठेवून बसले आहेत. मी हे प्रेमाने काढलं होतं. त्या दिवशी बटण बंद करावंसं वाटलं.

पाक मार्गोनोंनी रविवारी बैठक बोलावली. त्या सकाळी गल्लीची साफसफाई होती. गटारं उपसून, हातपाय धुऊन सगळे त्यांच्या अंगणात चटयांवर बसले. उकडलेल्या शेंगा होत्या, गोड चहा होता. आमच्याकडे हात वर करून मतं मोजत नाहीत. ते भांडखोरपणाचं समजतात. सगळ्यांनी बोलत राहायचं, आणि जेव्हा कोणाची हरकत उरत नाही तेव्हा एकमत झालं असं धरायचं. हरकत उरत नाही याचं कारण बऱ्याचदा शेंगा संपलेल्या असतात.

“चंबू एकच आहे,” पाक मार्गोनो म्हणाले, “आणि आपण अकरा घरं.”

“आलटून पालटून घेऊ,” शिंपी म्हणाला. “महिन्याला एक घर. गस्तीच्या पाळ्या लावतो तसं.”

“बारावा महिना?”

“तो भाजीवाल्याला देऊ.”

“मी सांगते,” बू वार्तिनी म्हणाल्या, “मुळात तो मी आहे. पण मला वाद नको. सगळ्यांचा मिळून असू दे.”

शेवटी एकमत तयार झालं. पाक मार्गोनो मोठ्याने वाचत लिहू लागले. “चंबू हे समस्त मांगिस गल्लीचं सामाईक पात्र. किटली, पळी, बादली, कुकर यांच्यावर कोणीही हक्क सांगितलेला नसल्याने ती पुस्तकातून काढून टाकावीत. झाकण, बू वेनिंग.”

मी ते पुस्तक डोळ्यांसमोर आणलं. दोनशे पानं. रिकाम्या स्वयंपाकघरात एकटा चंबू, कोणी काही मागत नाही, आणि तो भिंतीला म्बोतन म्हणतोय. कोपऱ्यात घामेजलेलं झाकण.

“कोणाची हरकत?” पाक मार्गोनोंनी विचारलं. रीत म्हणून विचारलं. मी पाहिलं, कागदावर खाली ‘बू वेनिंग, संमत’ असं त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं. “चालेल ना, बू वेनिंग?”

सगळे माझ्याकडे न बघता शेंगा सोलत होते. माझं इंगिह इतकं ठरलेलं होतं की ते ऐकायलाही कोणी थांबलं नव्हतं.

“म्बोतन,” मी म्हणाले.

आवाज लहानच होता. पण शेंगांची टरफलं फुटायची थांबली. पाक गियार्तोंचा कप ओठांपाशी राहिला. मास हेरू माझ्याकडे वळून बघत होते, भात करपल्याचा वास आल्यासारखे.

“काय म्हणालात?” बू वार्तिनी.

“म्बोतन. चंबू मी आहे. मीच मला काढलंय.” माझा आवाज थरथरत होता, म्हणून मी अहवाल वाचतात तसं बोलायला लागले, त्यात थरथर चालत नाही. “किटली तुम्ही आहात, पाक मार्गोनो. भाग सत्तेचाळीस. उकळी फुटायच्या आधी ती एक आवाज काढते.”

“हंऽऽ,” पाक मार्गोनो म्हणाले, आणि स्वतःचं ऐकून थांबले.

पहिल्यांदा शिंपी हसला. मग चटईभर हसू पसरलं. पाक मार्गोनोंनी हसू ओसरेपर्यंत वाट पाहिली आणि विचारलं, “किटलीला शिक्का आहे का?”

“तिच्या झाकणावर आहे. भाग त्र्याऐंशीमध्ये ती सगळ्यांच्या पावावर उमटवते.”

“ते मी पाहिलं होतं,” ते हळूच म्हणाले. “मला आवडलं होतं.”

“म्हणजे बादली मी?” पाक गियार्तो उठून उभे राहिले. “मी गळतो?”

“पाक, ही चित्रकथा मी काढते, हे फक्त पाक एर्तेंना सांगितलं होतं. गल्लीला कसं कळलं?”

पाक गियार्तोंनी विचार केला. “बादली मोठी आहे ना पण?”

“सगळ्यांत मोठी.”

ते खाली बसले.

बू वार्तिनी हसत नव्हत्या. ओढणी नीट करत त्या म्हणाल्या, “मग मी पळी. प्रत्येकाच्या पातेल्यात जाणारी.”

याला मी तयार नव्हते. भिंत एक असलेल्या शेजारणीला दोन वर्षं पळी म्हणून काढताना ती कधी अशी समोर बसून विचारेल हे मी गृहीतच धरलं नव्हतं. इंगिह म्हणायची सोय नव्हती आणि म्बोतन खोटं झालं असतं.

“भाग बासष्ट, बू,” मी म्हणाले. “चंबूला डेंग्यू होतो. नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत त्याच्यात काही ओतायला कोण येतं?”

बू वार्तिनींनी एक शेंग सोलायला घेतली.

“पळी येते. दुसरं कोणी येत नाही. पातेल्यात शिरायची सवय नसती तर तीही आली नसती.”

त्यांनी शेंग तशीच चटईवर ठेवली. मग नाक ओढून म्हणाल्या, “सूप नव्हतं ते.”

“काय?”

“चित्रात तुम्ही सूप दाखवलंय. मी पेज आणत होते. तांदळाची, आलं घालून. छापताना नीट करा.” त्यांनी पाक मार्गोनोंच्या हातातून पेन घेतलं. “द्या इकडे. कुठे लिहायचं पळी?”

मास हेरूंनी सगळ्यांत शेवटी सही केली. ‘कुकर’ लिहून झाल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, “आतला भात चांगला आहे ना?”

“मोकळा आहे,” मी म्हणाले.

पाक मार्गोनोंनी नवा कागद घेतला. “बू वेनिंग, तुमचं संमतिपत्र राहिलं. पात्र?”

“चंबू.”

“हरकत?”

कोणाचीच नव्हती. शेंगा अजून अर्ध्या शिल्लक होत्या, म्हणजे हे एकमत खरं होतं. त्यांनी माझ्या नावदुरुस्तीच्या पत्रावर शिक्का मारला. आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असावा.

पत्र घेऊन मी दुसऱ्या दिवशी ओळखपत्रांच्या कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी कागद उलटसुलट केला. “अर्जावर सही वेनिंगची आहे.”

“मी वेनिंग.”

“कार्ड वेनांगचं आहे. दुसऱ्याच्या कार्डात तुम्ही दुरुस्ती कशी मागता? वेनांगबाईंना पाठवा.”

“वेनांग नावाचं कोणी नाही.”

“मग दुरुस्ती कशाची करायची?”

मी वेनांग म्हणून सही केली, त्याखाली वेनिंग म्हणून साक्षीदाराची. मग पाक एर्तेंच्या वरच्या अध्यक्षांचा शिक्का हवा निघाला, आणि अध्यक्ष वोनोगिरीला भाचीच्या लग्नाला गेले होते, शिक्का खिशात घालून. ते आले तेव्हा महिन्याचे तीन दिवस उरले होते.

दरम्यान गल्लीत एक नवीनच प्रकार सुरू झाला होता. लोक माझ्याकडे म्बोतन न्यायला येऊ लागले. शिंपी सकाळी येऊन विचारायचा, “बू, तुमचं छप्पर काढून नेऊ?” मी म्हणायचे, “म्बोतन.” तो खूश होऊन जायचा. बू वार्तिनींनी माहेरच्या तीन बायका आणून मला भिंतीपलीकडून विचारलं, “बू वेनिंग, तुमचे यजमान चार दिवस उसने देता?” आणि माझं म्बोतन ऐकून पाहुण्यांना म्हणाल्या, “बघा. खुद्द चंबू.” आठवडाभरात मी दोनशेच्या वर म्बोतन दिले असतील. एका माणसाचा जन्माचा साठा.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी खिडकीतून नवं कार्ड पुढे आलं. दहा वर्षांपूर्वीचाच कारकून, केस तेवढे पांढरे. “नाव वाचून घ्या, बू. बरोबर आहे ना?”

मी वाचलं. वेनिंग हाप्सारी. एकेक अक्षर तपासलं. जन्मतारीख तपासली, गल्लीचं नाव तपासलं. सगळं बरोबर होतं. मी मान वर केली आणि म्हणाले,

“म्बोतन.”

कारकुनाने निमूटपणे कार्ड परत ओढलं आणि ‘दुरुस्तीसाठी’ लिहिलेल्या टोपलीत टाकलं.

“थांबा, थांबा,” मी खिडकीत हात घातला. “नाव बरोबर आहे.”

“मग म्बोतन का म्हणालात?”

“सवयीने.”

“सवयीने?” त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “इथे तीस वर्षं बसलोय, बू. सवयीने लोक इंगिह म्हणतात.” टोपलीतून कार्ड काढून त्याने पुन्हा समोर धरलं, पण सोडलं नाही. “नीट सांगा. बरोबर आहे?”

मागे रांग होती. घाम आला होता, झाकणाला येतो तसा.

“इंगिह,” मी म्हणाले.

त्याने कार्ड सोडलं नाही. “म्हणजे ऐकू आलं, की हो?”

“हो,” मी म्हणाले, आणि कार्ड घेतलं.